अभयदान : अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे

वाचकहो, 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणीत वकिलाचे नाव नाही, पण तो त्या पायरीवरच उभा असतो हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. डॉक्टरांविषयीही लोकांचे मत याहून फार वेगळे नसते, फक्त ते आमच्या तोंडावर बोलत नाहीत. आमचा दोघांचाही धंदा दुसऱ्याच्या अडचणीवर चालतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. सीमाभागातल्या एका गावात होमिओपथीचा दवाखाना चालवताना मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा पडत आला. ज्याची मिळकत दुसऱ्याच्या संकटातून येते, त्याच्या औदार्याचे मोल कसे करायचे? फी सोडली, चार माणसे जेवू घातली, देणगीची पावती फाडली, एवढ्याने हिशेब पुरा होतो का?

या प्रश्नासाठी मी एका वकिलाचे आयुष्य तुमच्यापुढे ठेवणार आहे. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे, जन्म १८५४, मृत्यू १ जुलै १९३८. आज त्यांचे नाव दोन ठिकाणी भेटते. लोकमान्य टिळकांच्या चरित्रात ते मित्र म्हणून येतात आणि शिर्डीच्या साईबाबांच्या कथांत भक्त म्हणून येतात. या दोन मोठ्या नावांच्या सावलीत मूळचा माणूस, म्हणजे अमरावतीसारख्या मोफसल गावात वकिली करणारा गृहस्थ, झाकून गेला आहे. आपल्या भागाशीही त्यांचा धागा जुळतो. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष झाले, न. चिं. केळकर चिटणीस झाले आणि कार्यकारी मंडळींत खापर्डे होते. आपल्या गावच्या इतिहासातल्या त्या यादीतले एक नाव आज उलगडून पाहू.

आमच्या जैन परंपरेत श्रावकाच्या दानाचे चार प्रकार सांगतात : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. पहिले तीन कळायला सोपे आहेत. अभयदान म्हणजे समोरच्या जीवाची भीती काढून घेणे, आणि ते सर्वांत श्रेष्ठ मानले आहे. शिवाय दानाच्याही आधी एक अट आहे : द्यायचे ते धन न्यायाने मिळवलेले असावे. वकिलाचे आयुष्य तपासायला यापेक्षा चांगले माप मला सापडले नाही.

आधी त्यांचा मुलूख पाहू. १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, असा तो दुहेरी संसार होता. पुढल्याच वर्षी खापर्डे जन्मले. ते सात वर्षांचे असताना अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. अमरावती आणि खामगाव या कापसाच्या मोठ्या पेठा झाल्या. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण त्या काळ्या जमिनीविषयीचीच आहे.

पण सोन्याची झाली तरी ती कुऱ्हाडच. इंग्रजी मोजणीनंतर जमीन खातेदाराच्या नावावर लागली, म्हणजे ती गहाण पडू लागली आणि विकलीही जाऊ लागली. भाव चढला तेव्हा शेतकऱ्याने कर्ज काढले आणि भाव उतरल्यावर ते फिटेना. मग सावकाराचा दावा, हुकूमनामा, जप्ती आणि लिलाव. पश्चिमेकडे दख्खनमध्ये शेतकऱ्यांचे दंगे झाल्यावर १८७९ चा कायदा आला, पण तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. वऱ्हाडातला शेतकरी कोर्टात उभा राहिला तो साध्या दिवाणी कायद्याच्या भरवशावर. अशा दाव्यांवर आणि कापसाच्या पैशावर वऱ्हाडातली वकिली फोफावली. खापर्ड्यांच्या श्रीमंतीचा उगम याच मातीत आहे. ती मिळकत कायद्याला धरून होती, पण तिच्या मुळाशी कुणाची तरी गहाण पडलेली जमीन होती, ही गोष्ट नजरेआड करून त्यांच्या दातृत्वाविषयी बोलणे बरे नव्हे.

त्यांचे उच्च शिक्षण मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. संस्कृताचा व्यासंग तेव्हापासूनचा, आणि तो मरेपर्यंत सुटला नाही. १८८४ मध्ये ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि नंतर काही वर्षे वऱ्हाडातच सरकारी नोकरीत होते. हातात अधिकार होता, बढतीची वाट मोकळी होती. १८९० च्या सुमारास त्यांनी ती नोकरी सोडली आणि अमरावतीला वकिली मांडली. नोकरीत राहिले असते तर पेन्शन घेऊन सुखाने निवर्तले असते आणि आज हे व्याख्यान लिहिण्याचे कारण पडले नसते.

त्या काळच्या अमरावतीचे आश्चर्य वाटते. रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी आणि खापर्डे असे तीन मोठे वकील एकाच गावच्या कोर्टात काळा कोट घालून उभे राहत. मुधोळकर आणि जोशी मवाळ, खापर्डे जहाल. मुधोळकर १९१२ मध्ये बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले तेव्हा स्वागताध्यक्ष होते खापर्डे आणि अध्यक्ष होते मद्रासचे वकील शंकरन नायर. ते वर्ष दुष्काळाचे आणि प्लेगचे होते. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते, आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्यांच्याविषयी सहानुभूतीचे उद्गार काढले ते याच मंडपात. देशभरच्या पाहुण्यांची सोय लावायची, तीही अशा वर्षात आणि अशा आडगावात, हे काम ज्याच्या घराला पाहुण्यांची सवय आहे त्यालाच जमते.

ती सवय खापर्ड्यांच्या घराला होतीच. लोक त्यांना 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत. घोडागाड्या, नोकरचाकर, आल्यागेल्याचा राबता, पंगतीवर पंगती. कोर्टाच्या कामाला आलेला अशील, शिकायला राहिलेला मुलगा, गाणारा, नाटकवाला, शास्त्री, साधू, सगळ्यांना त्या घरात पान मांडलेले असे. नाटकाचा शौक असा की १९०५ मध्ये मुंबईला पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी हेच वकील होते. बोलणे विनोदी, खोचक आणि सभा जिंकणारे होते. पैसा हाती आला की तो बाहेर जायची वाट आधीच तयार असे.

आपल्या मापाने हे आहारदान झाले. थोडे शास्त्रदानही झाले, कारण वेदान्ताचे ग्रंथ लावून सांगण्याची त्यांना आवड होती. पण वाचकहो, खरे सांगायचे तर या पंगतींनी माझे समाधान होत नाही. भरल्या घराने जेवू घालणे चांगलेच, पण त्यात आपलेही नाव होते आणि पंगतीबरोबर मोठेपणाही वाढला जातो. माणसाचे दातृत्व कळते ते देताना स्वतःचे काही मोडते तेव्हा. खापर्ड्यांच्या आयुष्यात ती वेळ १९०८ मध्ये आली.

त्या वर्षी जूनमध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांना पकडले. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला आणि २२ जुलैला सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आता एकच दार उरले होते, ते म्हणजे लंडनची प्रिव्ही कौन्सिल. तिथे कोणीतरी जायला हवे होते. साताऱ्याचे वकील रघुनाथ पांडुरंग करंदीकर त्या कामासाठी गेले आणि अमरावतीहून खापर्डे गेले. त्यांचे वय तेव्हा चौपन्न होते. दोन वर्षे ते तिकडे राहिले. वकील गाठणे, पार्लमेंटातल्या सभासदांना भेटणे, सभांतून बोलणे, पत्रे लिहिणे, हा उद्योग चालू होता. अपिलाची परवानगी मिळाली नाही.

मोफसल वकिलाने दोन वर्षे गाव सोडणे म्हणजे काय, याचा जरा विचार करा. जमीनदाराची जमीन तो परगावी गेला तरी पिकत राहते. व्यापाऱ्याची पेढी मुनीम चालवतो. वकील आणि डॉक्टर यांचे दुकान मात्र त्यांच्या अंगाबरोबर फिरते. आज मी दवाखाना महिनाभर बंद ठेवला तर अर्धे पेशंट दुसरीकडे लागतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. ताप आपल्यासाठी थांबत नाही. कोर्टाची तारीखही थांबत नाही. ऐन कर्तेपणात, भरघोस चालणारी वकिली टाकून, निकालाची खात्री नसताना मित्राच्या खटल्यामागे सातासमुद्रापलीकडे जायचे, यात बुडणारे भांडवल पैशात मोजता येत नाही. त्यात सरकारची वक्रदृष्टी वेगळी. टिळकांचा मित्र असणे हे १९०८ नंतर कुणाच्या फायद्याचे नव्हते. त्या दिवसांत अनेकांनी जुनी ओळख विसरणे पसंत केले.

परतताना खापर्डे सरळ घरी आले नाहीत. ब्रह्मदेशात उतरून ऑक्टोबर १९१० मध्ये ते मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले. काय बातमी घेऊन गेले होते? काही हाती लागले नाही, हीच. ती पत्रानेही कळवता आली असती. पण हरलेल्या खटल्याचा वकील आपल्या अशिलाला तोंड दाखवायला गेला. माझ्या मते अभयदान म्हणतात ते हेच. तुरुंगाची कडी त्याने निघत नाही, पण आत बसलेल्याला कळते की बाहेर आपले कोणी आहे. त्याच हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहून काढले. या दोन गोष्टींची कारणपरंपरा मी जोडत नाही. त्या लागोपाठ घडल्या, इतकेच नोंदवतो.

घरी आले तेव्हा खापर्डे छप्पन्न वर्षांचे होते. विस्कटलेला धंदा पुन्हा मांडायचा होता. डिसेंबर १९१० मध्ये ते पहिल्यांदा शिर्डीला गेले, आणि पुढल्या वर्षी डिसेंबरपासून मार्च १९१२ पर्यंत तिथेच राहिले. सोबत पत्नी लक्ष्मीबाई होत्या. ते वर्षानुवर्षे इंग्रजीत रोजनिशी लिहीत. शिर्डीतल्या दिवसांचा भाग पुढे 'शिर्डी डायरी' म्हणून प्रसिद्ध झाला. कोण आले, कोण गेले, आरती कधी झाली, 'पंचदशी'चा कोणता भाग वाचला, असे साधे तपशील तिच्यात आहेत. ज्याच्या जिभेला सभा आणि कोर्टे घाबरत, तो माणूस मशिदीत बाबांपुढे गप्प बसत असे, अशी आठवण 'श्रीसाईसच्चरिता'त नोंदली आहे. भक्तांनी या काळाकडे भक्तीच्या नजरेने पाहिले, आणि तो त्यांचा अधिकार आहे. मला डॉक्टर म्हणून त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आयुष्यभर ज्याच्या ओसरीवर लोक धीर मागायला आले, त्याला धीर कोणी द्यायचा? चार महिने तो दुसऱ्याच्या ओसरीवर बसला. देणाऱ्यालाही केव्हा तरी घेता यावे लागते.

पुढे टिळक सुटले, १९१६ ला बेळगावची परिषद झाली, लीग उभी राहिली आणि साठी उलटलेले खापर्डे पुन्हा रिंगणात आले. ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. इथे वऱ्हाडची एक गंमत आहे. १९०२ च्या करारात निजामाने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिले आणि दुसऱ्या वर्षी ते मध्यप्रांताला जोडले गेले. मालकी तरीही निजामाचीच. म्हणून वऱ्हाडच्या लोकांनी निवडलेला माणूस कायद्याच्या भाषेत 'निवडलेला' ठरत नसे. लोकांनी मते द्यायची आणि मग सरकारने त्याच माणसाला 'नेमायचे', असा द्राविडी प्राणायाम होता. आपले गाव नेमके कोणत्या सरकारच्या कोणत्या रकान्यात बसते, हा प्रश्न आपल्या सीमाभागातल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. खापर्डे त्या रकान्यातून दिल्ली-सिमल्याला गेले.

तिथे सप्टेंबर १९१८ मध्ये त्यांनी ठराव मांडला की रौलट समितीच्या अहवालावरचा विचार तूर्त स्थगित ठेवावा आणि आधी गुप्त पोलिसांच्या कारभाराची चौकशी व्हावी. रौलट कायद्याने पुढे काय केले ते सर्वांना माहीत आहे. संशयावरून धरलेल्या माणसाला वकील नाही, दलील नाही आणि अपील नाही. तो कायदा येण्याच्या काही महिने आधी अमरावतीचा चौसष्ट वर्षांचा वकील उभा राहून थांबा म्हणाला. ठराव पडला. हाही खटला ते हरले. पण ज्याला कोर्टाची पायरीच नाकारली जाणार होती, त्याच्या वतीने ते बोलले होते. आपल्या म्हणीत कोर्टाची पायरी म्हणजे संकट. ती पायरीच काढून घेतली तर मागे काय उरते, हे वकिलालाच आधी कळते.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक वारले आणि खापर्ड्यांच्या आयुष्याचा कठीण भाग सुरू झाला. महात्मा गांधींच्या असहकाराने सरकारी कोर्टांवर आणि कायदेमंडळांवर बहिष्कार पुकारला. खापर्ड्यांना तो मार्ग पटला नाही. काँग्रेसने दारे लावून घेतली त्याच वेळी ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले आणि १९२५ पर्यंत तिथे होते. देश वेगळ्या वाटेने निघाला होता. कालपर्यंत जहाल म्हणून ज्याच्यावर सरकारचा डोळा होता, तो नव्या पिढीला जुना, सरकारी मंडळात बसणारा म्हातारा वाटू लागला. त्यांचा निर्णय बरोबर होता असे मी म्हणत नाही. लोक मोठ्या संख्येने निर्भय होत होते, आणि ते अभयदान असहकारानेच दिले. पण आपल्याला न पटलेल्या गोष्टीला केवळ टाळ्यांसाठी होकार न देणे, यालाही थोडे धैर्य लागते. वकिलाचा स्वभाव म्हणा हवे तर : बाजू घेतली की निकालाकडे पाहून ती बदलायची नाही.

त्यानंतरही ते बरीच वर्षे जगले. माणूस लवकर गेला तर त्याचे ऐन भरातले चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे राहते. दीर्घायुषी माणसाला मात्र स्वतःचा विसर पडतानाही पाहावा लागतो. १९२८ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. या बाईंविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही. 'नबाबा'च्या पंगतींचे कौतुक झाले, पण त्या पंगतींमागे चूल होती आणि चुलीपुढे त्या होत्या. नवरा दोन वर्षे विलायतेत असताना घर थांबले नाही. खर्चाचा हात सैल आणि मिळकत आटलेली, अशा घराचा मेळ कोणी घातला असेल हे कोणत्याही मराठी वाचकाला ओळखता येईल. उदार पुरुषाच्या दानात घरच्या बाईचा वाटा असतो, आणि पावतीवर तिचे नाव नसते. खापर्ड्यांच्या चरित्राकडे या बाजूने फारसे कोणी पाहिलेले नाही.

वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले. मागे काय राहिले? त्यांच्या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मुलगा बाळकृष्ण यांनी लिहिलेले त्यांचे मराठी चरित्र आहे. काळी जमीन, कापूस आणि दावे यांतून जे आले ते पंगतींत, मंडपांत, प्रवासांत आणि मित्राच्या खटल्यात गेले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. धनाच्या उगमाच्या कसोटीवर खापर्डे त्यांच्या काळाहून फार वेगळे ठरत नाहीत. कर्जबाजारी मुलखातल्या वकिलीचा पैसा त्यांच्याही घरी आला. आहारदानात ते मोठे होते, पण तो मोठेपणा अंशतः लक्ष्मीबाईंचा होता. मात्र ज्या व्यवसायाने त्यांना श्रीमंत केले, तो व्यवसायच त्यांनी एका माणसासाठी पणाला लावला, आणि तोही हरण्याची शक्यता अधिक असताना. प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपयश, रौलटच्या वेळी अपयश. जिंकलेल्या खटल्यांची फी मिळते आणि ती खर्चून जाते. त्यांच्या हरलेल्या दोन खटल्यांची आठवण आज शंभराहून अधिक वर्षांनी बेळगावात बसून आपण काढतो आहोत.

वाचकहो, तुमच्याही गावात असा एखादा वकील होऊन गेला असेल. पुतळा नसलेला, ज्याचे नाव फक्त जुन्या दस्तांवर उरले आहे असा. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याच्याविषयी विचारा. त्याने किती जणांना जेवू घातले हे ते आपणहून सांगतील. तुम्ही एवढेच विचारा, की हरणार हे माहीत असताना तो कोणाच्या बाजूने उभा राहिला होता.